सातवा मजला, जिन्याने

लिफ्टचं काम करणाऱ्याला डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात, असं तो म्हणायचा. म्हणायचा म्हणजे काय, बावीस वर्षांच्या नोकरीत चार-पाचदा म्हणाला असेल. एरवी तो बोलायचाच कुठे! कंपनीतल्या सोबत्यांनी त्याचं नाव 'सायलेन्सर' ठेवलं होतं, आणि त्यावरही तो काही बोलला नाही, त्यामुळे ते नाव कायमचं चिकटलं.

कामात मात्र वाघ. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत शिरला की पाच मिनिटं नुसता उभा राहायचा. मोटर फिरतेय, दोर सरकतायत, ब्रेक सुटतोय, लागतोय, खाली कुठल्यातरी मजल्यावर दार उघडतंय. एवढ्या खडखडाटातून त्याला नेमकं कळायचं की पाचव्या मजल्याच्या दाराचं चाक झिजलंय. आणि काहीच वेगळं ऐकू आलं नाही, की तो खिशातलं पेन काढून भिंतीवरच्या कार्डावर तारीख घालायचा, पुढे 'ठीक' लिहायचा, सही ठोकायचा आणि चालू लागायचा. आवाज नाही म्हणजे बिघाड नाही, हा त्याचा कायदा. लिफ्टला तो लागू पडतो. या शहाण्याने तो घरालाही लावला.

बायको काही बोलली नाही, की हा समजायचा सगळं ठीक आहे. बायको बोल बोल बोलली, की हा मूग गिळून बसायचा, म्हणजे मग ती थकून गप्प होईल आणि पुन्हा सगळं ठीक होईल. चौदा-पंधरा वर्षं त्या बाईने अशी काढली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची. दिवसभर नळ्यांशी, संध्याकाळी या ठोंब्याशी गाठ. शेवटी वकिलाने घटस्फोटाचं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दारू पीत नाही, हात उचलत नाही, बाहेर भानगड नाही. पण याच्याशी धड भांडतासुद्धा येत नाही हो. मी एकटीच किती दिवस भांडू?" वकिलाने पेन खाली ठेवलं आणि हे कागदावर कसं लिहायचं याचा विचार करत बसला.

त्यांना एकच मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. लहानशी खोली, टेबलावर रंगीत खडूंचा डबा, जणू एवढी मोठी पोर आता घर आणि सूर्य काढत बसणार होती. बाईंनी आधी आईला विचारलं. आई म्हणाली, "मला ती माझ्याजवळ हवी." मग बाई बापाकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

पोरगी मान वळवून त्याच्याकडे बघत होती. लेक जाणार या धसक्याने आठ दिवस त्याला घास गेला नव्हता. पण त्याने असा विचार केला, की पोरीची दोन्हीकडून ओढाताण नको, तिच्या जिवाचे हाल नकोत. म्हणून तो म्हणाला, "तिला जे वाटेल ते."

झालं! आपण फार मोठं मन दाखवलं असं त्याला वाटलं. पोरीने त्याच्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं, मग बाईंकडे वळून एकच शब्द बोलली. "आई."

महिन्यातले दोन शनिवार बापाच्या वाट्याला आले. पहिल्या दोन शनिवारी पोरगी आली आणि त्याच्या भाड्याच्या खोलीत फोनमध्ये डोकं घालून बसली. त्याने तिला खायला दिलं, पंखा वाढवला, पंखा कमी केला. तिसऱ्या शनिवारी सकाळी तिच्या आईचा फोन आला. "ती नाही म्हणतेय यायला."

"बरं."

"बरं काय? अरे, तू बोल ना तिच्याशी. इथेच आहे, फोन देते."

"नको. तिची मर्जी नसेल तर उगाच कशाला."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. ती शांतता ऐकून या माणसाला, ज्याला झिजलेलं चाक सात मजले वरून ऐकू येतं, काहीही कळलं नाही. त्याने शनिवारसाठी आणलेली द्राक्षं धुतली आणि एकट्याने खाल्ली.

सहा महिने असेच गेले. मग आयुष्यात एकदाच त्याने एक चलाखी केली. माय-लेकी ज्या सात मजली इमारतीत राहायला गेल्या होत्या, तिथल्या लिफ्टचं काम त्याच्याच कंपनीकडे होतं, पण दुसऱ्या मेकॅनिककडे. त्याला याने आपल्या तीन इमारती देऊन टाकल्या. तिन्ही जवळच्या, तिन्ही लिफ्ट नव्याकोऱ्या. आणि बदल्यात ही एक घेतली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाची, सतरा वर्षं जुन्या लिफ्टची. सोबत्याला वाटलं, सायलेन्सरचं डोकं फिरलं. पण आयतं मिळतंय ते कोण सोडतो! त्याने लगेच होकार दिला.

पहिल्याच खेपेला गाठ पडली. तो तळमजल्यावर दार तपासत होता, तीन वाजले होते, आणि पोरगी शाळेतून आली. त्याने सरकणारं दार हाताने धरून ठेवलं आणि म्हणाला, "ये." पोरीने त्याच्याकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं, आणि सरळ वळून जिना चढायला लागली. सातवा मजला! पाठीवर हे एवढं ओझं! तो दार धरून तसाच उभा. शेवटी लिफ्टच कंटाळून पीं-पीं करायला लागली तेव्हा त्याने हात काढला.

त्या दिवसापासून पोरीने लिफ्टचं नाव टाकलं. सकाळ असो, संध्याकाळ असो, बाप असो वा नसो, जिना एके जिना. खाण तशी माती, दुसरं काय! वॉचमननेच त्याला हे सांगितलं. "साहेब, तुमची पोर भारी हट्टी आहे. पाय दुखत होता तेव्हाही लंगडत जिन्यानेच गेली."

त्याने हत्यारांची पिशवी उचलली. पण महिन्यातून एकदा जायचं ते तो दर गुरुवारी जायला लागला. पावणेतीनला तळमजल्यावर 'काम चालू आहे' ही पाटी अडकवायची, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबवायची, दाराच्या कुलपाचं झाकण उघडायचं आणि तिथेच जिन्याच्या तोंडाशी फतकल मारून बसायचं. त्या झाकणाला चार स्क्रू. ते काढायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे. तीनच्या सुमाराला खालून पावलं वाजली की पहिल्याच मजल्यावर त्याला ओळखू यायची. मग पोरगी समोरून जायची. जाताना क्षणभरसुद्धा थांबायची नाही. तिची पावलं वर लांब गेली, की हा झाकण लावून, लिफ्ट चालू करून, कार्ड भरायला गच्चीवर निघून जायचा.

अशी दीड वर्षं. खाली बसलेला असल्यामुळे त्याला आधी बूट दिसायचे, मग बाकीची पोरगी. बूट तीनदा बदलले. चष्मा आला. वेणी गेली आणि केस खांद्यापर्यंत आले. एकदा कोपराला पट्टी दिसली, तर पुढच्या गुरुवारपर्यंत याच्या डोळ्याला डोळा नाही. पुढच्या गुरुवारी पट्टी लहान झालेली दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. अरे बाबा, 'काय लागलं गं' एवढं विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं! पण नाही. पोरगी आपणहून थांबेल, आपणहून बोलेल, तिच्यावर जबरदस्ती नको, हेच आपलं घोकत बसायचं.

त्या दीड वर्षात दोघांचं बोलणं झालं ते एकदाच. तिच्या बुटाची लेस सुटली होती, आणि जिन्यावर लेस सुटणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "लेस." पोरगी तशीच पुढे गेली. पण वरच्या वळणावर पावलं थांबली, दप्तर टेकल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पावलं पुन्हा सुरू झाली. त्या रात्री तो दोन घास जास्त जेवला.

आता हे सगळं चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या नजरेतून कसं सुटेल? काकूंना इमारतीत कोणाकडे कोणती भाजी शिजते तेही माहीत असायचं. दर गुरुवारी लिफ्ट बंद. दर गुरुवारी मेकॅनिक हजर. इतर इमारतींत महिन्यातून एकदा येतात. त्यात वॉचमनने हसत हसत सांगितलं, की मेकॅनिकची सख्खी मुलगी सातव्या मजल्यावर राहते आणि लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. बस्स! काकूंनी दोन आणि दोन पाच केले. "अहो, स्वतःच्या पोरीला बसू देत नाही म्हणजे बघा! दोर तुटायला आलेत, आणि हा मेला आपल्याला सांगत नाही." आठवड्याभरात राईचा पर्वत झाला. सहाव्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत टेकत जिना उतरायला लागले. लहान मुलांना आया लिफ्टपाशी फिरकू देईनात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बिचारी लिफ्ट अगदी ठणठणीत होती, आणि फाशी तिलाच.

रविवारी सकाळी अकराला पार्किंगमध्ये सभा ठरली. विषय एकच, लिफ्टवाल्या कंपनीला काढून टाकायचं. कंपनीच्या मालकाने याला बोलावून सांगितलं, "तुझी इमारत, तूच जाऊन निस्तर." मालकाला ती इमारत जाण्याचं फारसं दुःख नव्हतं. याला होतं. करार गेला की गुरुवार गेला. आठवड्यातलं जे काय अर्धं मिनिट पोरगी नजरेला पडत होती, ते गेलं. पुन्हा त्या जिन्यात बसायला त्याला कोणत्या तोंडाने जाता येणार होतं?

त्याने शनिवारी बसून तयारी केली. आयुष्यात पहिल्यांदा काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, आणि मशीनच्या खोलीतली सगळी कार्डं पुरावा म्हणून बरोबर घेतली. बहात्तर तारखा, बहात्तर सह्या, बहात्तर वेळा 'ठीक'.

सभेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तीसेक माणसं. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. उभे राहिले की समोरच्याला आपण गृहपाठ विसरलोय असं वाटायचं. आणि मागच्या रांगेत, खांबाला टेकून, पोरगी. आईची रविवारची ड्युटी होती आणि घरटी एकाने यायचं असा निरोप होता, म्हणून ती आली होती. तिला पाहिलं आणि याचा कागद खिशातच राहिला.

त्याने नुसती कार्डं पुढे केली. हेडमास्तरांनी चष्मा चढवून ती एकेक करून पाहिली. "प्रत्येक वेळी ठीक?"

"हो."

"बहात्तर वेळा तपासलं आणि बहात्तर वेळा ठीक?"

"हो, सर."

"मग मिस्त्री, लिफ्ट ठीक होती तर तुम्ही बहात्तर वेळा आलात कशाला?"

आता बोला! पुरावाच उलटला. पार्किंगमध्ये एकदम गलका झाला. त्या गलक्यातून काकूंचा आवाज वर आला. "ते राहू द्या. यांची स्वतःची मुलगी लिफ्टने का जात नाही, ते विचारा आधी! ती बघा, मागे उभी आहे."

तीसच्या तीस माना मागे वळल्या. पोरीचे कान लाल झाले. हाताची घडी घालून ती जमिनीकडे बघायला लागली. याने ते पाहिलं. खरं कारण सांगायचं म्हणजे तिच्या देखत, परक्या तीस माणसांत, घरातली लक्तरं काढायची: माझी लेक माझ्याशी बोलत नाही हो, तिला माझं तोंड बघायचं नाही. लिफ्ट वाचली असती, करारही वाचला असता. पण उद्यापासून प्रत्येक मजल्यावर पोरीला लोकांनी थांबवून उपदेश केला असता.

तो म्हणाला, "दोष आहे लिफ्टमध्ये. मला सापडत नव्हता. तुम्ही दुसरी कंपनी बघा."

बावीस वर्षांत कामाबद्दल बोललेलं हे त्याचं पहिलं खोटं.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" काकू म्हणाल्या.

"खोटं बोलतोय तो."

पोरगी खांबापासून पुढे आली होती. आवाज चढलेला, चष्मा नाकावर घसरलेला. "काही दोष नाहीये लिफ्टमध्ये. त्याने बघितलेल्या लिफ्टमध्ये दोष राहतच नाही. माझं त्याच्याशी बोलणं नाहीये, म्हणून मी लिफ्टने जात नाही. आणि तो दर गुरुवारी येतो ते मला बघायला येतो. बास? झालं समाधान?"

हेडमास्तरांनी कार्डं नीट जुळवून मेकॅनिकला परत दिली आणि एक घाव दोन तुकडे केले: कंपनी राहील, मेकॅनिक बदलेल, तपासणी महिन्यातून एकदाच, आणि सभा संपली. काकू उठता उठता शेजारणीला म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते, काहीतरी गडबड आहे," आणि खरं सांगायचं तर त्या बरोबरच होत्या.

त्याने मशीनच्या खोलीची किल्ली हेडमास्तरांच्या हातात दिली. म्हणजे गुरुवार गेलाच. लोक खुर्च्या एकात एक घालून रचत होते. पोरगी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तो तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"गुरुवारी मला चार वाजता क्लास असतो," पोरगी म्हणाली. "शाळेच्या समोरच. बाकीच्या मुली शाळेतूनच जातात."

त्याला अर्थच लागेना. "मग तू घरी कशाला येतेस?"

"तूच विचार कर ना कशाला! सात मजले चढते, दप्तर टाकते, सात मजले उतरते, आणि परत पळत जाते. दर गुरुवारी उशीर होतो. सर सगळ्यांसमोर बोलतात. खाली उतरताना मी तिसऱ्या मजल्यावर थांबते, तर तू नसतोस. गेलेला असतोस."

तो गच्चीवर 'ठीक' लिहीत असायचा तेव्हा. हे त्याला आता कळलं.

"दीड वर्षात एक शब्द बोललास, बाबा. लेस!"

"मला वाटलं, तुला नको असेल..."

"तुला नेहमी असंच वाटतं! त्या बाईंच्या खोलीतपण तसंच. आई म्हणाली, मला हवी. मी तुझ्याकडे बघत होते. मी घरूनच ठरवून आले होते. दोघंही हवी म्हणाले, की मी सांगणार, थोडे दिवस इथे, थोडे दिवस तिथे. आणि तू म्हणालास, तिला वाटेल ते. मला वाटलं, तुला मी नकोच आहे. मग मी काय म्हणणार होते?"

सव्वादोन वर्षं ज्याला तो आपलं मोठं मन समजत होता, ते हे. घशातून आलं ते इतकं बारीक, की त्याचं त्यालाच ऐकू आलं नसेल. "मला तू हवी होतीस."

"काय?" तिने ऐकलं होतं. तरी विचारलं.

"मला तू हवी होतीस!" खुर्च्या रचणारे थांबले, काकू अर्ध्या जिन्यातून मागे वळल्या. त्याला कोणाचं भान नव्हतं. "मला तूच हवी होतीस गं! तेव्हाही हवी होतीस, आत्ताही हवी आहेस!"

पोरीने चष्मा काढला आणि ती रडायला लागली, अगदी लहानपणी रडायची तशी, तोंड वाकडं करून. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. तिचं डोकं आपणहून त्याच्या खांद्याला लागलं, की त्याने ते ओढून घेतलं, हे मागून पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं.

दीड तास दोघं तिथेच बसून होते, असं वॉचमन सांगतो. लोक त्यांना ओलांडून वर गेले, खाली आले. आणि नवल म्हणजे, सगळा वेळ बापच बोलत होता. काय बोलत होता, असं काकूंनी नंतर खोदून खोदून विचारलं, तेव्हा वॉचमन म्हणाला, "विशेष काही नाही हो. माफी मागत होता. एकदा मागून झाली, की पुन्हा पहिल्यापासून."